धुराड्यातला कार्बन डायऑक्साइड जमिनीत गाडणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालचे बहुतेक प्रश्न मला कधी ना कधी विचारले गेले आहेत, आणि त्यातले निम्मे तरी रागाने. राग समजण्यासारखा आहे. धूर कारखान्याचा, नफा कारखान्याचा आणि राख मात्र आमच्या पायाखाली, असं कुणाला वाटलं तर त्याला लगेच अडाणी ठरवता येत नाही. म्हणून जिथे शंका रास्त आहे तिथे ती तशी मान्य केली आहे.

हा प्रकार नेमका आहे तरी काय?

हवेत जाऊन पृथ्वी तापवू नये म्हणून कारखान्याच्या धुरातून कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा, दाबून द्रवासारखा दाट करायचा, पाइपाने किंवा जहाजाने योग्य जागी न्यायचा आणि विहिरीतून किलोमीटरभर किंवा त्याहून खोल असलेल्या खडकात भरायचा. इंग्रजी आद्याक्षरांवरून याला सीसीएस (कार्बन कॅप्चर अँड स्टोरेज) म्हणतात. यातला प्रत्येक सुटा भाग तेल आणि वायू उद्योगात कित्येक दशकं वापरात आहे. ते सगळे एका माळेत ओवून, विकण्यासारखं काहीही हाती येणार नसताना चालवणं, हे मात्र नवं.

धुरातून तेवढाच एक वायू वेगळा कसा काढतात?

बहुतेक खर्च आणि बहुतेक डोकेदुखी इथेच आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

कोळशाच्या वीज केंद्राच्या धुरात कार्बन डायऑक्साइड साधारण १२ ते १५ टक्के असतो. गॅस टर्बाइनच्या धुरात तर ३-४ टक्केच. बाकी मुख्यतः नायट्रोजन, थोडी वाफ, थोडा ऑक्सिजन. या गर्दीतून कार्बन डायऑक्साइडलाच धरून ठेवेल असं रसायन हवं. ते म्हणजे अमाइन. अमोनियाच्या घरातलं आणि वासालाही तसंच, नाकात जाणारं. धूर आधी धुऊन ४० अंश सेल्सिअसच्या आसपास थंड करतात आणि एका उंच मनोऱ्यात खालून सोडतात. मनोऱ्यात धातूच्या पातळ, घड्या घातलेल्या पत्र्यांचे थर भरलेले असतात. वरून अमाइनचं पाणी त्या पत्र्यांवरून झिरपत येतं, खालून धूर वर चढतो, आणि वाटेत दोघांची गाठ पडते. कार्बन डायऑक्साइड अमाइनला चिकटतो, बाकीचा धूर वरून निघून जातो.

मग ते भरलेलं द्रावण दुसऱ्या मनोऱ्यात जातं. तिथे ते १२० अंशांच्या आसपास तापवलं की पकड सुटते, जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो आणि रिकामं झालेलं अमाइन गार होऊन पुन्हा पहिल्या मनोऱ्याकडे. या युक्तीचं पेटंट अमेरिकेत १९३० सालीच निघालं आहे.

अडचण तापवण्याची. जुन्या, रुळलेल्या अमाइनला एक टन कार्बन डायऑक्साइड सोडायला लावायचा तर साडेतीन गिगाजूलच्या आसपास उष्णता लागते. म्हणजे दीड टन उकळत्या पाण्याची संपूर्ण वाफ करायला लागेल एवढी, आणि ती दर टनामागे. नवी द्रावणं यापेक्षा कमी खातात, पण फुकट काम कुणीच करत नाही. त्यात धुरात गंधकाचा अंश राहिला तर तो अमाइनला असा बिलगतो की १२० अंशांनाही सुटत नाही. म्हणून धूर आधी नीट धुवावा लागतो. नुसत्या ऑक्सिजननेही अमाइन हळूहळू खराब होतं, ते बदलत राहावं लागतं.

एवढी यातायात करण्यापेक्षा सगळा धूरच गाडला तर?

दर टन कार्बन डायऑक्साइडमागे कित्येक पट नायट्रोजन दाबत बसावं लागेल आणि खडकातली मौल्यवान जागा त्यानेच भरेल. नायट्रोजन तर हवेत आहेच, त्याला लपवून काय करायचं? उलटा मार्ग मात्र आहे: इंधन हवेऐवजी शुद्ध ऑक्सिजनमध्ये जाळायचं, म्हणजे धुरात नायट्रोजन येतच नाही. मग खर्च ऑक्सिजन बनवण्यात जातो.

काही उद्योगांत निसर्गच अर्धं काम करून देतो. मक्यापासून इथेनॉल बनवताना आंबवण्याच्या टाकीतून जवळजवळ शुद्ध कार्बन डायऑक्साइड निघतो. खनिज वायू शुद्ध करतानाही तो मुळात वेगळा काढावाच लागतो. सुरुवातीचे बरेच प्रकल्प अशा ठिकाणीच झाले यात नवल नाही.

सिमेंटवाल्यांनी भट्टी विजेवर चालवली, वीज सूर्याची घेतली, मग तर याची गरज नाही ना?

गरज राहतेच. हा प्रश्न मला सगळ्यात आवडतो, कारण याच्या उत्तरात या तंत्राचं खरं समर्थन आहे.

सिमेंट बनवायला चुनखडी भाजतात. चुनखडी म्हणजे चुना आणि कार्बन डायऑक्साइड यांची घट्ट जोडी. ती जोडी तोडणं हेच भाजण्याचं काम. शुद्ध चुनखडीचे १००० किलो घेतले तर भाजून ५६० किलो चुना उरतो आणि ४४० किलो कार्बन डायऑक्साइड उडून जातो. भट्टीखाली कोळसा असो, वायू असो की वीज, हे ४४० किलो सुटणारच, कारण ते दगडातूनच येतात. सिमेंट कारखान्याच्या एकूण कार्बन डायऑक्साइडपैकी जवळपास ६० टक्के असा दगडातून येतो, उरलेला इंधनातून.

वीज बनवायला वारा आहे, सूर्य आहे, पाणी आहे. चुनखडी भाजण्याला तेवढे सोपे पर्याय नाहीत. म्हणून माझं मत विचाराल तर, कोळशाच्या जुन्या वीज केंद्राला हे यंत्र जोडणं म्हणजे गळक्या हंड्याला चांदीचं झाकण. सिमेंटला ते जोडणं मला पटतं. नॉर्वेतल्या ब्रेविक इथल्या सिमेंट कारखान्यात २०२५ मध्ये असा संच सुरू झाला. वर्षाला ४ लाख टन पकडायची त्याची क्षमता आहे, म्हणजे त्या कारखान्याच्या धुरातला जवळपास निम्मा कार्बन डायऑक्साइड.

जमिनीखाली एवढी पोकळी असते का?

पोकळी नसतेच. गुहा, भुयार, रिकामी टाकी असं काही डोळ्यांसमोर आणू नका.

वालुकाश्माचा एखादा कोरडा तुकडा मिळाला तर त्यावर पाण्याचा थेंब टाकून बघा. थेंब क्षणभर गोल उभा राहतो, मग त्याच्या कडा पसरतात आणि बघता बघता तो दगडात नाहीसा होतो. मागे फक्त काळपट डाग. दगड हाताला घट्ट लागतो, पण वाळूचे कण एकमेकांना टेकलेले असतात तिथे मधे मधे फटी राहिलेल्या असतात. चांगल्या वालुकाश्मात या फटी एकूण आकारमानाच्या पाचव्या हिश्शाएवढ्या किंवा त्याहूनही जास्त असू शकतात. जमिनीत खोलवर त्या फटींमध्ये खारं पाणी असतं, बऱ्याचदा समुद्रापेक्षाही खारं, कुणाच्याही पिण्याच्या कामाचं नाही. कार्बन डायऑक्साइड त्या पाण्याला बाजूला सारून फटींत शिरतो.

खोली साधारण ८०० मीटरच्या पुढे हवी, त्याला कारण आहे. ३१ अंश तापमान आणि ७४ बार दाब (हवेच्या नेहमीच्या दाबाच्या सत्तरपटीहून जास्त) यांच्या पुढे गेल्यावर कार्बन डायऑक्साइड ना धड वायू राहतो ना धड द्रव. वायूसारखा वाहतो आणि द्रवासारखा दाट होतो. ८०० मीटरवर दाब आणि उष्णता दोन्ही आपोआप तेवढी असते. पृष्ठभागावर एक टन कार्बन डायऑक्साइडला ५४० घनमीटर जागा लागते, म्हणजे एखादं मोठं सभागृह. तिथे खाली तोच टन दीड घनमीटरच्या आसपास मावतो, एका जुन्या लाकडी कपाटाएवढ्या जागेत.

मग तो बुडबुड्यासारखा वर का येत नाही?

येतो की. खाऱ्या पाण्यापेक्षा हलका असल्याने तो वर सरकतोच, फक्त वाटेत अडतो.

पहिली अडवणूक माथ्यावरच्या खडकाची. वालुकाश्मावर शेलसारखा, बारीक चिखलापासून बनलेला, दाट खडक हवा. त्याच्या फटी इतक्या सूक्ष्म असतात की त्यातलं पाणी ढकलून आत शिरायची ताकद कार्बन डायऑक्साइडकडे नसते. खनिज तेल आणि वायू जमिनीखाली कोट्यवधी वर्षं टिकले तेही अशाच खडकांच्या आडोशाने. दुसरी, वाटेत मागे राहणं: ओला स्पंज कितीही पिळला तरी ओलसर राहतो, तसा सरकणाऱ्या वायूचा बराच भाग थेंबाथेंबाने फटींतच अडकून पडतो. तिसरी, विरघळणं. सोड्याच्या बाटलीत होतं तेच, पण इथे वायू विरघळलेलं पाणी साध्या खाऱ्या पाण्यापेक्षा किंचित जड होतं आणि खाली बसू लागतं. त्या टप्प्यानंतर वर यायचा प्रश्नच मिटतो. चौथी म्हणजे दगड होणं. त्याबद्दल पुढे.

गंमत म्हणजे निसर्गाने हा प्रयोग आधीच करून ठेवला आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतल्या ब्राव्हो डोम इथे ज्वालामुखीतून आलेला कार्बन डायऑक्साइड दहा लाखांहून जास्त वर्षं वालुकाश्मात पडून आहे. आणि माणसं काय करतात? असल्या साठ्यांतून तो विहिरी पाडून बाहेर काढतात आणि तेलाच्या विहिरींना विकतात.

आत गेलेला वायू कुठे पसरला हे वरून कसं कळतं?

यासाठी स्लाइपनरची गोष्ट सांगायलाच हवी. उत्तर समुद्रातल्या या वायूक्षेत्रातून निघणाऱ्या वायूत ९ टक्क्यांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड होता. विकायचा तर तो २.५ टक्क्यांवर आणणं भाग होतं. वेगळा काढलेला वायू एरवी हवेत सोडून दिला असता, पण नॉर्वेने १९९१ मध्ये समुद्रातल्या तेल-वायू उद्योगावर कार्बन कर बसवला होता. सोडण्यापेक्षा गाडणं परवडतंय असं दिसलं आणि १९९६ पासून तो समुद्रतळाखालच्या उत्सिरा नावाच्या वालुकाश्मात जाऊ लागला. पुढची अनेक वर्षं दरवर्षी दहा लाख टनांच्या आसपास.

तिथे काही वर्षांच्या अंतराने जहाजातून ध्वनिलहरी सोडून खालच्या थरांचं चित्र काढलं जातं, रुग्णाची सोनोग्राफी करतात तसं. वायू भरलेला थर ध्वनी वेगळा परतवतो, त्यामुळे चित्रात तो ठळक चमकतो. वायू भरण्याआधीचं चित्र आणि नंतरची चित्रं शेजारी ठेवली की फरक साध्या डोळ्यालाही दिसतो. अपेक्षा होती की वायू सरळ वर जाऊन माथ्याच्या खडकाखाली एक थाळी पसरल्यासारखा पसरेल. चित्रात मात्र एकावर एक नऊ थाळ्या दिसल्या! वालुकाश्माच्या आत मीटरभर जाडीचे चिखलखडकाचे पापुद्रे होते. वायू प्रत्येक पापुद्र्याखाली पसरायचा, कुठेतरी वाट काढायचा आणि वरच्या पापुद्र्याखाली पुन्हा पसरायचा. भूगर्भशास्त्रज्ञांचा अंदाज चुकला, पण साठवणुकीच्या दृष्टीने चांगल्या बाजूने चुकला.

चित्रातून पसारा कळतो, आत नेमके किती टन आहेत त्याचा काटेकोर हिशेब मात्र लागत नाही. तो विहिरीच्या तोंडावरच्या मीटरवरून ठेवावा लागतो.

कार्बन डायऑक्साइडचा दगड होतो म्हणतात. खरं की जाहिरात?

खरं आहे, पण खडक योग्य हवा. वालुकाश्मात याला शेकडो-हजारो वर्षं लागतात. बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून बनलेला काळा कातळ, याला फार घाई असते. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह भरपूर असतं आणि कार्बन डायऑक्साइडचं आंबट पाणी ते विरघळवतं. मग कॅल्शियम आणि कार्बोनेट यांचं लग्न लागून कॅल्साइट तयार होतं. आइसलंडमध्ये हेलिशेडी इथे कार्बफिक्स प्रकल्पाने २०१२ मध्ये पाण्यात विरघळवलेला वायू बेसाल्टमध्ये सोडला. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले: ९५ टक्क्यांहून जास्त भाग दोन वर्षांच्या आत खनिज झाला होता. खडकाचे नमुने काढले तेव्हा काळ्या दगडाच्या भोकांत पांढरे खडे बसलेले दिसले.

मग सगळीकडे हेच का करत नाहीत? एक टन वायूसाठी साधारण २५ टन पाणी लागतं. आणि त्या पहिल्या प्रयोगात वायू होता काहीशे टन. तिथून कोटींवर जाणं ही वेगळीच चढण आहे.

फसलेले प्रकल्प कोणते?

आहेत, आणि यशाच्या कहाण्यांपेक्षा तेच जास्त शिकवतात.

नॉर्वेतच स्नोव्हिट इथे २००८ मध्ये भरणं सुरू झालं. खडकाचा अभ्यास व्यवस्थित झाला होता, तरी दाब अपेक्षेपेक्षा भराभर वाढायला लागला. थर वाटला होता तेवढा सलग नव्हता, वायूला पसरायला वाव मिळेना. २०११ मध्ये तो थर सोडून दुसऱ्या थरात भरायला सुरुवात करावी लागली. अल्जीरियात इन सालाह इथे २००४ पासून वाळवंटाखाली भरणं चालू होतं. उपग्रहाच्या रडारने मोजलं तर विहिरींच्या वरची जमीन वर्षाला काही मिलिमीटर उचलली जात होती. माथ्याच्या खडकाच्या खालच्या भागात भेगा गेल्या असाव्यात या शंकेने २०११ मध्ये काम थांबवलं. माथ्याच्या खडकातून गळती आढळली नाही, पण थांबवलं ते योग्यच केलं. ऑस्ट्रेलियातल्या गॉर्गन प्रकल्पात वायूची विक्री २०१६ मध्येच सुरू झाली, गाडणं मात्र २०१९ मध्ये. वर्षाला ४० लाख टनांपर्यंतची क्षमता सांगितली होती, प्रत्यक्षात त्याच्या बरंच खाली राहिलं. जागा करण्यासाठी खालचं पाणी उपसायचं होतं, त्या विहिरींत वाळू येऊन अडथळे झाले.

तिन्ही ठिकाणी भीती गळतीची होती आणि घोटाळा झाला दाबाचा. खडकात किती मावेल हा प्रश्न लोक विचारतात. किती वेगाने मावेल, हा त्याहून अवघड आहे.

दाब वाढवला तर भूकंप होणार नाहीत?

छोटे होतातच. अमेरिकेत इलिनॉयमधल्या डिकेटर इथे २०११ ते २०१४ या काळात दहा लाख टन वायू खोल वालुकाश्मात भरला, तेव्हा संवेदनशील यंत्रांनी हजारो सूक्ष्म धक्के टिपले. बहुतेक १ रिश्टरच्याही खालचे, वर उभ्या माणसाला पत्ता लागू नये असे.

मोठ्याची शक्यता शून्य नाही. ओक्लाहोमात तेलविहिरींचं सांडपाणी खोल जिरवण्याचा सपाटा लावला गेला, आणि २०१६ मध्ये पॉनी इथे ५.८ तीव्रतेचा भूकंप झाला. तिथे कार्बन डायऑक्साइडचा संबंध नव्हता, पण जुन्या भ्रंशाला, म्हणजे खडक सरकून पडलेल्या भेगेला, दाबाशी देणंघेणं असतं, दाब कशाचा आहे याच्याशी नसतं. म्हणून भ्रंशांपासून दूर, आणि खालच्या टणक पायाच्या खडकाला दाब पोचणार नाही अशी जागा निवडतात. धक्के वाढले की भरणं कमी करायचं, असा नियम आधीच ठरवून ठेवावा लागतो.

गळला तर झोपेत माणसं गुदमरतील का? कॅमेरूनमध्ये झालं तसं?

२१ ऑगस्ट १९८६ च्या रात्री न्योस तळ्यातून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा दऱ्यांतून उतरला आणि १७०० हून जास्त माणसं मेली. हे खरं आहे आणि ते विसरू नये. पण तिथे ज्वालामुखीचा वायू उघड्या तळ्याच्या तळाशी वर्षानुवर्षं विरघळत साचला होता आणि सोड्याची बाटली हलवून उघडावी तसा एकदम बाहेर आला. किलोमीटरभर खडकाच्या फटींत अडकलेल्या वायूला तसं एका झटक्यात बाहेर यायला वाट नसते.

घाबरायचंच असेल तर पाइपलाइनला घाबरा. फेब्रुवारी २०२० मध्ये मिसिसिपीतल्या सटार्टिया गावाजवळ पावसाने माती सरकली आणि कार्बन डायऑक्साइडची पाइपलाइन फुटली. हा वायू हवेच्या दीडपट जड, त्यामुळे उडून न जाता सखल भागात पसरला. गाड्यांची इंजिनं बंद पडली, कारण जळायला ऑक्सिजन नव्हता. मदतीला निघालेल्यांच्याही. दोनशेच्या आसपास लोकांना हलवलं, पंचेचाळीस जणांना दवाखान्यात जावं लागलं. कुणी दगावलं नाही, पण थोडक्यात वाचले. त्या वायूत हायड्रोजन सल्फाइड मिसळलेला असल्याने निदान कुजक्या अंड्यांचा वास तरी आला. शुद्ध कार्बन डायऑक्साइडला वास नाही, रंग नाही. हवेत ४ टक्के झाला की जिवाला धोका, १० टक्क्यांना काही मिनिटांत शुद्ध हरपते.

पाइपात शिरण्याआधी वायू पूर्ण कोरडा करावा लागतो, हेही यातच सांगतो. पाणी राहिलं तर आम्ल बनतं आणि साधं पोलाद आतून खातं. गावाजवळून पाइपलाइन जाणार असेल तर विचारायचे प्रश्न साधे आहेत: झडपा किती अंतरावर, फुटलं तर कळायला किती मिनिटं, आणि अग्निशमन दलाकडे श्वसनयंत्रं आहेत का.

विहिरीचं पिण्याचं पाणी खराब होईल का?

वायू पिण्याच्या पाण्याच्या थरापर्यंत आला तर पाणी आंबट होईल आणि खडकातले काही धातू त्यात उतरू शकतील. शिवाय वायूने ढकललेलं खारं पाणी वर चढलं तरी नुकसान. म्हणून मधे शेकडो मीटर खडक आणि किमान एक भक्कम अडसर असलेलीच जागा घेतात, आणि विहिरीच्या नळीभोवती सिमेंट भरतात. धोका असतो तो बहुधा या सिमेंटमध्ये किंवा शेजारच्या जुन्या बोअरमध्ये.

जुन्या बोअरचं काय?

हा माझ्या मते सगळ्यात कमी विचारला जाणारा महत्त्वाचा प्रश्न. जिथे तेल-वायू निघाला तिथला खडक उत्तम ओळखीचा असतो, म्हणून ती जागा साठवणुकीला मोहात पाडते. पण तिथेच माणसाने शंभर-दीडशे वर्षं भोकं पाडलेली असतात. पेन्सिल्वेनियात १८५९ पासून तेलाच्या विहिरी खणल्या गेल्या आणि पुढे कित्येक वर्षं, काम संपलं की लाकडाचे ओंडके, दगड, हाताला लागेल ते आत टाकून बुजवल्या गेल्या. अनेकांची कुठे नोंदही नाही. दहा लाख वर्षं टिकलेला माथ्याचा खडक आणि त्यात कुणीतरी ओंडका ठोकून बुजवलेलं भोक! खडकावर माझा विश्वास आहे. भोक पाडणाऱ्यावर नाही.

हे सगळं जास्त तेल काढण्यासाठीच चाललंय ना?

बऱ्याच अंशी, हो. थकलेल्या तेलविहिरीत कार्बन डायऑक्साइड सोडला की तेल पातळ होऊन सरकतं. टेक्सासमध्ये १९७२ पासून हे मोठ्या प्रमाणावर चालू आहे, तेव्हा हवामानाची काळजी कुणाला नव्हती. २००० पासून नॉर्थ डकोटातल्या कोळशापासून वायू बनवणाऱ्या कारखान्यातला कार्बन डायऑक्साइड पाइपाने सीमा ओलांडून कॅनडातल्या वेबर्न तेलक्षेत्रात जातो. वायूचा मोठा भाग खाली अडकून राहतो हे खरं, पण वर आलेलं तेल जळतंच. ते हिशेबात न धरता कुणी "शून्य कार्बन" म्हणत असेल तर त्यांना वही उघडायला सांगा. तेलाचा भाव पडला की हे गणितही कोसळतं: टेक्सासमधला पेट्रा नोव्हा प्रकल्प २०१७ मध्ये सुरू झाला, २०२० मध्ये भाव घसरल्यावर बंद पडला, २०२३ मध्ये पुन्हा चालू झाला.

खर्च कोण देतो?

तेलविहिरींची गिऱ्हाइकी सोडली तर कर किंवा अनुदान, तिसरं कुणी नाही. नॉर्वेने कर लावला. अमेरिकेने २०२२ च्या कायद्याने कायमच्या साठवणुकीसाठी टनामागे ८५ डॉलरपर्यंत करसवलत दिली. इथेनॉल कारखान्याला त्यात सहज भागतं. पातळ धुराच्या उद्योगांना बऱ्याचदा भागत नाही. कोळशाच्या केंद्रात हे बसवलं तर साधारण पाचवा ते चौथा हिस्सा ऊर्जा पकडण्यातच खर्च होते, म्हणजे तेवढीच वीज विकायला जास्त कोळसा जाळायचा.

हवेतूनच ओढून घेतला तर?

हवेत तो ०.०४ टक्के आहे, कोळशाच्या धुराच्या तुलनेत तीनशेपट विरळ. आइसलंडमध्ये २०२१ मध्ये सुरू झालेल्या ऑर्का संचाची क्षमता वर्षाला ४ हजार टन, २०२४ च्या मॅमथची ३६ हजार टनांपर्यंत. चालू धुराडं समोर असताना आधी आकाशाकडे जाळं फेकण्यात मला तरी अर्थ दिसत नाही.

आणि झाडं?

लावा. पण झाडातला कार्बन वणवा, कीड आणि कुऱ्हाड यांच्या मर्जीवर असतो.

एकूण चित्रात याचा वाटा किती?

ऊर्जेसाठी जग वर्षाला ३७०० कोटी टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड सोडतं. पकडण्याची चालू क्षमता ५ कोटी टनांच्या आसपास. दर हजार टनांमागे दीड टनसुद्धा नाही, आणि त्यातलाही मोठा भाग तेलविहिरींत जातो. जागेची अडचण नाही: शंभर कोटी टन वायूला खाली दीड घन किलोमीटर फटी पुरतात. अडलंय ते पैसा, परवाने, पाइप आणि लोकांचा होकार यांवर.

लोक होकार का देत नाहीत?

कारण त्यांना सहसा शेवटी विचारतात. नेदरलँड्समध्ये बारेंड्रेख्त गावाखालच्या रित्या वायूक्षेत्रात जवळच्या तेलशुद्धीकरण कारखान्याचा वायू भरायचा बेत होता. जागा तांत्रिकदृष्ट्या वाईट नव्हती. पण गावाच्या लेखी निर्णय आधीच झालेला होता आणि समजावायला माणसं नंतर आली. विरोध इतका वाढला की २०१० मध्ये सरकारला तो सोडून द्यावा लागला. आता युरोपातले बरेच प्रकल्प समुद्राखाली जातात. नॉर्वेचा नॉर्दर्न लाइट्स जहाजांनी आणलेला द्रव वायू समुद्रतळाच्या सुमारे २६०० मीटर खाली सोडतो. २०२५ मध्ये तिथे पहिला वायू गेला, ब्रेविकच्या त्या सिमेंट कारखान्यातला.

कंपनी बुडाली, शंभर वर्षं गेली, मग जबाबदार कोण?

युरोपीय संघाच्या २००९ च्या निर्देशानुसार भरणं थांबल्यावर साधारण किमान वीस वर्षं जबाबदारी कंपनीची. वायू स्थिर आहे हे सिद्ध झालं तरच ती सरकारकडे जाते, आणि कंपनीला त्यासाठी पैसे आधी बाजूला ठेवावे लागतात. अमेरिकेत या प्रकारच्या विहिरींसाठी भरणं संपल्यानंतर ५० वर्षं देखरेख असा मूळ नियम आहे, पुरावा दिला तर मुदत कमी होऊ शकते. वीस काय नि पन्नास काय, ज्या वायूला हजार वर्षं ठेवायचं त्यापुढे दोन्ही आकडे लहानच. तरी एक गोष्ट आधार देणारी आहे: भरणं थांबलं की दाब उतरू लागतो, आणि सगळ्यात जास्त धोका भरण्याच्या काळातच असतो.

शेवटी विहिरीत सिमेंटची बुचं बसवतात, नळी जमिनीखाली कापतात आणि वर माती ओढतात. शंभर वर्षांनी तिथे कुणी बोअर पाडायला आला तर त्याला कळणार कसं? अमेरिकन नियमाने यासाठी एक जुनाच उपाय वापरला आहे. त्या जमिनीच्या खरेदीखतावर कायमची नोंद करावी लागते: या जागेखाली कार्बन डायऑक्साइड साठवला आहे, इतका, या थरात, अमुक काळात.